काय खाता, हे विचारणारे कोण?

बँकॉक शहरात चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर सिरिराज हे १८८८ साली सुरू झालेले मोठे रुग्णालय आहे. त्याला लागूनच वांग लांगचा बाजार भरतो. अरुंद गल्ल्या, डोक्यावर पत्रे आणि ताडपत्र्या, दोन्ही बाजूंना खाण्याच्या गाड्या. रुग्णांचे नातेवाईक, परिचारिका, विद्यार्थी, नावेतून उतरलेले कष्टकरी, सगळे एकाच बाकावर दाटीवाटीने बसून जेवतात. तिथले विहार पाहून झाल्यावर मीही त्या बाकावर बसलो आणि कोंबडी-भात मागवला.

थाई भाषेत कोंबडीला 'काय' म्हणतात आणि भाताला 'खाव'! आपल्या मराठी माणसाला हसू यावे अशी ही गंमत. 'काय खाणार?' या प्रश्नातच उत्तर आले. पण हसता हसता मनात आले, आपल्याकडे हाच प्रश्न किती विषारी आहे! 'तुम्ही काय खाता?' असे घरमालक विचारतो, तेव्हा त्याला पदार्थाचे नाव नको असते. त्याला आपली जात हवी असते.

त्या बाजारातील कोंबडीचे तीन पदार्थ समजून घेण्यासारखे आहेत. पहिला 'खाव मन काय'. कोंबडी उकडायची, तिच्या चरबीत आणि रश्शात भात शिजवायचा, वर आले-मिरची आणि आंबवलेल्या सोयाबीनची चटणी. हा पदार्थ चीनच्या हैनान बेटावरून पोट भरायला आलेल्या स्थलांतरितांचा. दुसरा 'खाव मोक काय', म्हणजे हळदीच्या पिवळ्या भातातली कोंबडी, आपल्या बिर्याणीची बहीण. हा तिथल्या मुस्लिमांचा. तिसरा 'काय यांग', निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी. ती चिकट भाताबरोबर हाताने खातात. हा ईशान्येकडील इसान या गरीब, कोरडवाहू मुलखातला. शेती पिकली नाही की इसानची माणसे बँकॉकला येतात. बांधकामावर राबतात, टॅक्सी चालवतात, धुणीभांडी करतात. म्हणजे हे तिन्ही पदार्थ बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांचे, आणि आज तिन्ही सगळ्या शहराचे!

म्हणून थायलंड म्हणजे समतेचा स्वर्ग, असे भाबडे चित्र मी रंगवणार नाही. इसानच्या माणसाला बँकॉकच्या प्रतिष्ठितांनी वर्षानुवर्षे गावंढळ ठरवले. त्यांच्या 'प्ला रा' या आंबवलेल्या मासळीच्या वासाने नाके मुरडली. आपल्या घरातल्या सुकटी-बोंबलाच्या वासाने शेजाऱ्यांची नाके मुरडतात, अगदी तसेच! दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पहिले शील मोडू नये म्हणून तिथल्या बौद्धांनी पूर्वीपासून डुकरे कापण्याचे काम बहुतांशी चिन्यांवर आणि गुरे कापण्याचे मुस्लिमांवर ढकलले. खायचे आपण आणि सुरी मात्र दुसऱ्याच्या हाती द्यायची, हा ढोंगीपणा आहे. मेलेली ढोरे ओढायला लावून वर त्याच कामासाठी ज्यांना अस्पृश्य ठरवले गेले, त्यांच्या वारसांना हा ढोंगीपणा लगेच ओळखू येतो. बौद्ध देशातला असला तरी तो आपण स्वीकारता कामा नये.

मग त्या बाकावरून घ्यायचे काय? मला वाटते, निर्भयता. तिथला बौद्ध माणूस कोंबडी खातो आणि त्याबद्दल कुणाची माफी मागत नाही. सकाळी त्याच देशात भिक्खू पात्र घेऊन निघतात आणि उपासक देईल ते घेतात. त्यात भात असतो, भाजी असते, मासे आणि कोंबडीही असते. हे धम्माला सोडून नाही. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले नसेल, ऐकले नसेल आणि तशी शंकाही नसेल, तर भिक्खूने ते मांस घेण्यास हरकत नाही, असे भगवान बुद्धांनी जीवकाला सांगितल्याचे मज्झिम निकायात आहे. भिक्खूंनी मासे-मांस कायमचे वर्ज्य करावे, ही मागणी देवदत्ताची होती आणि तथागतांनी ती फेटाळली. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हा करुणेचा विचार आहे, दुसऱ्याच्या ताटावर पहारा ठेवण्याचा परवाना नव्हे.

आता आपल्याकडे पाहा. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात शाकाहाऱ्यांसाठी टेबले वेगळी काढली गेली आणि त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड ठोठावला गेला. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायला सुरुवात केली. न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय होती. तरीही २०२५ च्या जानेवारीत त्या अंड्याचा निधी बंद झाला आणि हवे असेल तर लोकवर्गणी काढा, असे शाळांना सांगण्यात आले. कुणाच्या लेकरांच्या ताटातले अंडे गेले? ज्यांच्या घरी सकाळी अंडे उकडते, त्यांच्या नक्कीच नाही! आणि २०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवलीसारख्या महापालिकांनी मांसाची दुकाने बंद ठेवण्याचे आदेश काढले. स्वातंत्र्यदिनी ताटाचे स्वातंत्र्य गेले!

याच्याशी थायलंडची एक रीत ताडून पाहा. तिथे दरवर्षी चिनी परंपरेचा नऊ दिवसांचा शाकाहार सण येतो. तो पाळणारे दुकानदार पिवळी पताका लावतात. ज्याला मांस नको, तो पिवळी पताका पाहून बसतो. शेजारच्या गाडीवर कोंबडी भाजली जात असते. ना कुणाची भावना दुखावते, ना कुणाची गाडी उलटते. शाकाहाराला आपला विरोध कधीच नव्हता. आपल्यातही कित्येक उपासक स्वेच्छेने शाकाहारी आहेत, त्यांचा आदरच आहे. विरोध आहे तो शाकाहाराला पावित्र्याची उतरंड बनवण्याला.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. नोकरी लागली, गृहनिर्माण सोसायटीत घर झाले की आपल्यातलेच काही जण रविवारी मटण शिजवताना खिडक्या लावून घेतात. मुलांना बजावतात, शाळेत सांगू नको हं! लग्नपत्रिकेवर पंचशील ध्वज आणि मनात मात्र 'लोक काय म्हणतील'! ज्या समाजाने महाडच्या तळ्यावर १९२७ साली उघड्यावर ओंजळ भरली, त्याने आपल्या स्वयंपाकघराची खिडकी का लावावी?

बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बजावले आहे की नुसत्या सहभोजनाने जात मरणार नाही. त्यासाठी आंतरजातीय विवाह हवेत आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या ग्रंथांचे प्रामाण्य झुगारायला हवे. म्हणून एका बाकावर कोंबडी खाल्ल्याने क्रांती होते, असे कुणी समजू नये. पण जो समाज एका बाकावर बसायलाही तयार नाही, तो पुढचे पाऊल टाकणार तरी कसा?

वांग लांगच्या त्या गाडीवाल्या बाईने मला एकच गोष्ट विचारली. हाताने तिखटाच्या वाटीकडे खूण केली, किती घालू? तेवढाच प्रश्न आपल्या देशात एका माणसाने दुसऱ्या माणसाला विचारावा, यासाठी आपली लढाई आहे. तोपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा.

जयभीम!