वेदीमागची भिंत

आपल्या ख्रिस्तमंदिरांच्या वेदीमागील भिंतीला अलीकडे एक नवा मोह जडला आहे. नूतनीकरण ठरले, दाते पुढे आले, की समितीच्या बैठकीत छापील चित्रसूची उघडली जाते आणि भिंतभर मोझॅकचे चित्र मागवण्याचा ठराव होतो. चित्रातला ख्रिस्त सोनेरी केसांचा, माता गौरवर्णी, मागे सायप्रसची झाडे. कोणी शंका काढली, तर त्यालाच सौंदर्याचे वावडे आहे असे समजले जाते.

मला सौंदर्याचे वावडे नाही. ‘एवढ्या पैशांत किती गरिबांची सोय झाली असती’ हा आक्षेपही मी घेणार नाही. बेथानीत सुगंधी तेलाचा हिशेब कोणी मांडला होता, हे वाचकांनी योहानाच्या शुभवर्तमानात पाहावे. माझे भांडण घाईशी आहे, आणि परक्या चेहऱ्याशी आहे.

मोझॅक म्हटले की आपल्याकडे घरातली जुनी फरशी आठवते, किंवा गच्चीवर बसवलेले चिनी मातीचे तुकडे. भिंतीवरचे काम त्याच कुळातले. काचेचे वा दगडाचे लहान तुकडे कागदावर उलटे चिकटवतात, चित्राचे भाग पाडून ते ओल्या मसाल्यात दाबतात, मग कागद भिजवून सोलतात आणि सांधे भरतात. मसाला एकदा घट्ट झाला की छिन्नीवाचून सुटका नाही. तैलचित्र नकोसे झाले तर खुंटीवरून उतरवता येते. हे येत नाही. भिंत पावसाळ्यात ओल धरणारी असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त हवा, नाहीतर क्षार बाहेर येतात, गिलावा फुगतो आणि देवदूताच्या पंखाचे तुकडे वेदीवर पडतात. समित्यांत सोनेरी काचेची चर्चा तासभर होते. ओलीचा विषय निघतच नाही.

भिंतीवर जडवलेले पुसणे किती अवघड, हे इटलीतील राव्हेन्ना येथे दिसते. तेथील सांत आपोलिनारे नुओव्हो या मंदिरात राजा थिओडोरिकच्या दरबाराचे मोझॅक होते. सहाव्या शतकात सत्ता पालटली, तेव्हा त्या माणसांना काढून त्यांच्या जागी पडदे जडवण्यात आले. पण खांबांवर आलेले हात राहूनच गेले. आजही ते धडावाचून तिथे आहेत.

फार मागे जाण्याचे कारण नाही. स्लोव्हेनियाचे मार्को रुपनिक यांची मोझॅकचित्रे लूर्द येथील रोझरी महामंदिराच्या दर्शनी भागावर २००८ साली बसली. पुढे अनेक महिलांनी त्यांच्यावर लैंगिक व आध्यात्मिक अत्याचाराचे आरोप केले. २०२३ मध्ये येशूसंघाने आज्ञाभंगाच्या कारणावरून त्यांना संघातून काढले, आणि मार्च २०२५ मध्ये तेथील प्रवेशद्वारांवरची चित्रे झाकण्यात आली. आरोपांचा निवाडा करणे माझे काम नाही. परंतु ज्या दारातून दुखावलेली माणसे प्रार्थनेला येतात, त्या दारावर काय जडवले आहे याचा विचार तिथल्या धर्माध्यक्षांना करावा लागला, आणि तो चित्र बसल्यावर करावा लागला.

आता चेहऱ्याचा मुद्दा. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात एकदा सावकाश फिरून यावे. (देवालय कोणाचे, हा इथे प्रश्न नाही.) चालुक्यकालीन शिल्पकारांनी काळ्या पाषाणात जी कथा जागवली, ती त्याच मातीची: लवणासुराच्या वधाची, ज्याच्यावरून गावाला नाव पडले असे लोक मानतात. तिथल्या शेतकऱ्याला ती कोणी समजावून सांगावी लागत नाही. १९५५ साली स्थापन झालेल्या आपल्या अमरावती धर्मप्रांतातला, कपाशी-ज्वारीच्या शिवारातला भाविक मात्र वेदीमागे ज्या मातेकडे पाहतो, ती त्याच्या आईसारखी कधीच दिसत नाही.

हे वेगळे करता आले असते. १९०२ साली गोव्यात जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी मरियेला साडी नेसवली. गोव्यात आपल्याच लोकांना ते रुचले नाही. १९६७ साली ते निवर्तले. त्याआधी चारच वर्षे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील दस्तऐवजात स्पष्ट केले होते, की ख्रिस्तसभेने कोणतीही एक शैली स्वतःची मानलेली नाही. त्याच दस्तऐवजाने भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य शोधण्यास सांगितले आणि कलाकृतीचा निर्णय करताना धर्माध्यक्षांनी कलासमितीचा सल्ला घ्यावा असेही म्हटले. आपल्याकडे हा सल्ला पुष्कळदा टाइल्सच्या दुकानदाराकडून घेतला जातो.

तेव्हा समित्यांनी एवढे करावे. इथल्याच चित्रकाराकडून पूर्ण आकाराचे चित्र साध्या कापडावर रंगवून घ्यावे आणि आगमनकाळापासून पुढच्या आगमनकाळापर्यंत त्या भिंतीवर टांगावे. मिस्साला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना, मुलांना काय वाटते ते विचारावे. दात्याचे नाव कोरायचे तर दाराशी कोरावे. देणगीने चेहरा ठरवण्याचा हक्क मिळत नाही. आणि वर्षभर पाहूनही मनाचा कौल मिळत नसेल, तर कापड उतरवून भिंतीला चुना द्यावा आणि लाकडाचा एक क्रूस लावावा.