टॅबवर वीस कॉमेंट, कारणावर एकही नाही

एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टची पुल रिक्वेस्ट उघडून बघा. "हा कंस खालच्या ओळीवर घ्या." "ओळ 80 अक्षरांच्या बाहेर गेली." "टॅब नको, चार स्पेस द्या." अशी वीसेक कॉमेंटची खडाजंगी होते, मग कुणीतरी अंगठा दाखवतं आणि कोड मर्ज होतो. कमिट मेसेज काय? "फिक्स". काय तुटलं होतं, का तुटलं होतं, हे कुणी विचारलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: कोड कसा दिसावा हे यंत्राला ठरवू द्या, आणि तो का बदलला हे माणसांनी हट्टानं विचारा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. कारण उघड आहे. कंसावर मत द्यायला कोड समजावा लागत नाही.

यंत्रावर सोपवता येतं हे तर कधीच सिद्ध झालंय. गो भाषेनं गोफम्ट दिलं आणि तिथला टॅब-स्पेसचा वाद मिटला. त्याची शैली कुणाचीच आवडती नाही, तरी ते सगळ्यांना हवंच असतं. पायथनमध्ये 2018 साली ब्लॅक आलं. ते 88 अक्षरांवर ओळ तोडतं आणि तुमचं मत फारसं विचारत नाही. लिनक्स कर्नलवाल्यांचा थाट निराळा. त्यांच्या शैलीच्या दस्तऐवजात सुरुवातीलाच सल्ला आहे की ग्नूचे कोडिंग नियम छापून घ्या आणि न वाचता जाळा! पण त्याच कर्नलच्या तपासणी स्क्रिप्टनं 2020 मध्ये ओळीची मर्यादा 80 वरून 100 केली, आणि कुणाचं आभाळ कोसळलं नाही.

"शैली पाळली नाही की बग लपतात," असं कुणी म्हणेल. मान्य. ॲपलचा 2014 मधला 'गोटू फेल' आठवा. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये तीच ओळ चुकून दोनदा पडली. दुसरी ओळ इफच्या आत असल्यासारखी सरकवलेली होती, पण महिरपी कंस नसल्यानं ती दर वेळी चालायची आणि पुढची सही-तपासणी व्हायचीच नाही. मोठं भोक होतं ते. पण फॉर्मॅटर चालवला असता तर त्यानं ती ओळ डावीकडे ओढून उघडी पाडली असती. म्हणजे हे उदाहरणही यंत्राच्याच बाजूनं बोलतं.

टॅबच्या बाजूचा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. ब्रेल डिस्प्लेवर प्रत्येक स्पेस एकेक खण खाते, टॅबला एक पुरतो. कमी दिसणाऱ्यांना टॅबची रुंदी हवी तशी बदलता येते. गंमत म्हणजे टॅबवाले एरवी हा मुद्दा सोडून बाकी सगळं बोलतात.

आता कारणाकडे. गिटमधलं ब्लेम एखादी ओळ कुणी, कधी बदलली ते दाखवतं. बायसेक्ट हजार कमिटमधून साधारण दहा चाचण्यांत बिघाड घुसवणारा कमिट शोधून देतं. एवढी भारी हत्यारं, आणि शेवटी हाती काय येतं? "फिक्स". लिहिणारा तोवर प्रोजेक्ट सोडून गेलेला असतो. कर्नलमध्ये टॅबचा कितीही छळ असो, आधी समस्या काय होती ते मेसेजमध्ये लिहावं लागतं आणि कुठल्या जुन्या कमिटमधला बग दुरुस्त केला त्याची नोंदही करायची असते. घ्यायचं तर हे घ्या त्यांच्याकडून. रीबेस की मर्ज, हे भांडण मग निम्मं निकालात निघतं. "टायपो", "आता तरी चाल बाबा" असले कमिट खुशाल स्क्वॉश करा. पण दोन वेगळ्या कारणांचा एक गोळा करू नका.

मराठी माध्यमातून आलेली एखादी मुलगी पहिला पॅच पाठवते तेव्हा तिला इंग्रजीत चार वाक्यं लिहायचीच धास्ती असते. तिचं व्याकरण सुधारणं रिव्ह्यू करणाऱ्याचं दोन मिनिटांचं काम आहे. तिच्या डोक्यातलं कारण मात्र तिच्याशिवाय कुणीच लिहू शकत नाही. तेव्हा तिला कंसाची जागा शिकवत बसू नका. हे कधी तुटतं, तुला कुठं दिसलं, दुसरा उपाय का सोडलास, ते विचारा. आणि उत्तर कॉमेंटमध्ये नको, कमिटमध्येच लिहायला सांगा. गिटहबवरच्या कॉमेंट गिटच्या इतिहासात नसतात. प्रोजेक्ट उद्या दुसरीकडे हलला तर रेपो क्लोन केल्यानं त्या सोबत येत नाहीत.