मोडेम घेण्यापूर्वीं

गतवर्षीं आमचे एक आप्त अमेरिकेहून परत आले, तेव्हां त्यांनीं आमच्याकरितां एक भारी किमतीचा केबल मोडेम आणिला. मुलांना तर तो केव्हां एकदां सुरू होतो असें झालें होतें. जोडणी करणारा तरुण आला, त्यानें यंत्र उलटसुलट पाहिलें व नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, हें येथें चालावयाचें नाहीं. आपल्या घरीं फायबर आहे. हें तांब्याच्या केबलचें यंत्र." दोष यंत्राचा नव्हता, देणाऱ्याचाही नव्हता. आम्हीं आधीं विचारिलें नाहीं, हाच काय तो दोष.

टेलिफोनच्या तारेस एक मोडेम लागतो, केबलच्या तारेस दुसरा, आणि फायबरला तर निराळेंच यंत्र. केबलच्या मोडेमांतही भेद आहेत. त्यांचे नियम 'डॉक्सिस' या नांवानें प्रथम १९९७ सालीं ठरले, ३.० ही आवृत्ति २००६ सालीं व ३.१ ही २०१३ सालीं निघाली. नवा मोडेम जुन्या जाळ्यावर चालतो खरा, परंतु वेग जुन्याचाच मिळतो. शिवाय अमेरिकन पद्धतींत एका वाहिनीची रुंदी ६ मेगाहर्ट्झ, तर युरोपीय पद्धतींत ८. हें सर्व जुळलें तरी कंपनीनें त्या यंत्राचा क्रमांक आपल्या दप्तरीं नोंदविल्यावांचून इंटरनेट सुरू होत नाहीं.

कित्येकांस महाग तेंच उत्तम वाटतें. कित्येक कंपनी देईल तें मुकाट्यानें घेऊन वर्षानुवर्षें भाडें भरितात. आम्हांस दोन्ही मार्ग पसंत नाहींत. जेथें कंपनी भाडें घेते, तेथें दोन वर्षांच्या भाड्याची बेरीज करून ती किमतीशीं ताडून पाहावी. भाडें अधिक भरत असेल, तर स्वतःचें यंत्र घेणें शहाणपणाचें. परंतु कोणतीं यंत्रें चालतात याची यादी कंपनीकडून आधीं लेखी मागून घ्यावी, आणि न जुळल्यास परत घेण्याचें दुकानदाराकडून कबूल करून घ्यावें.

विद्यार्थीमित्रहो, हें काम तुम्हींच अंगावर घ्या. बेरीज तुम्हांस येते, यंत्राच्या तळाशीं छापिलेला क्रमांक तुम्हांस वाचतां येतो. तुमच्या अभ्यासासाठीं वडील जो पैसा खर्च करितात, तो कष्टाचा असतो. एक प्रश्न वेळेवर विचारल्यानें तो वांचत असेल, तर विचारण्यांत कसला कमीपणा? आमच्या कपाटांत तो मोडेम अजून पडून आहे. त्यानें आम्हांस एवढें मात्र शिकविलें.