गोल्फ खेळता का?

रुग्णाचे जगणे कितपत सुसह्य आहे हे मोजण्यासाठी ‘एसएफ-३६’ नावाची मूळची अमेरिकी प्रश्नावली जगभर वापरतात. टेबल सरकवणे, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे, गोल्फ खेळणे अशी कामे प्रकृतीमुळे अडतात का, असे तीत विचारलेले आहे. ऱ्हुमॅटिक हृदयविकार जडलेल्या आपल्याकडच्या बाईला हे विचारून पाहावे! भरला हंडा आणताना वाटेत दोनदा टेकावे लागते, आडवे पडले की धाप लागते, एवढे ती सांगेल. अनेकींना तर झडप आकसल्याचे कळते ते थेट गर्भारपणात, कारण तेव्हा वाढलेले रक्त अरुंद झडपेतून पुढे सरकत नाही.

दुखणे सुरू होते लहानपणी, घसा धरण्यापासून; मागून ताप येतो आणि झडप बिघडते. दाटीवाटीच्या घरांत ते फोफावते. श्रीमंत देशांतून ते जवळजवळ हद्दपार झाले. आपल्याकडे ते ऐन कमावत्या वयात माणसाला गाठते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा भार पुष्कळ गरिबांच्या डोक्यावरून उतरवला, हे खरेच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली देशी झडपही १९९० पासून बसवली जाते. पण टाके निघाले की सरकारच्या लेखी रुग्ण बरा झाला. धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची. ती कमी पडली तर गुठळी होऊन अर्धांगवायू, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून रक्त किती पातळ आहे हे सांगणारी ‘आयएनआर’ तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या या झडपेला चालत नाहीत. म्हणजे तालुक्याला किंवा जिल्ह्याला खेप आलीच, त्या दिवसाची मजुरीही बुडालीच. एसटीच्या मोफत प्रवासाच्या यादीत सिकलसेल, हिमोफिलिया, डायलिसिसचे रुग्ण आहेत. त्यांच्या शेजारी झडपेच्या रुग्णांना बसवले तर महामंडळ बुडणार नाही.

पथ्याचाही गोंधळच. मेथी-पालक कायमचे बंद, असे बजावले जाते. खरे तर रोजचे प्रमाण फारसे बदलू नये, एवढेच पुरे. उलट गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रक्त पातळ ठेवणारी ही गोळी गर्भाला घातक ठरू शकते, हे सांगायचे मात्र राहून जाते. छातीवरचा व्रण लपवून जिचे लग्न लावून दिले, ती हे सासरी कोणाला विचारणार?

आणि ताप उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी घ्यायचे ते इंजेक्शन! बारा लाख युनिट पेनिसिलीन, कमरेत, वर्षानुवर्षे. हे चुकले नाही तर पुन्हा ताप येऊन झडप आणखी बिघडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. ते दुखते, हे पोरे सहन करतात. पण ‘रिअ‍ॅक्शन आली तर?’ म्हणून खासगी डॉक्टर हात वर करतात. औषध स्वस्त, नफा जेमतेम, त्यामुळे अधूनमधून ते बाजारातूनच नाहीसे होते.

शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात हा आजार पूर्वीपासून आहे. मूल सापडते, चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवले जाते. पुढचे इंजेक्शन कोणत्या आरोग्य केंद्रात, कोणत्या वारी, कोण देणार, हे त्याच चिठ्ठीवर लिहून द्यायला काय हरकत आहे? आरोग्य खात्याने शस्त्रक्रियांचे आकडे खुशाल छापावेत. मात्र त्याच पानावर जिल्हावार दोन रकाने वाढवावेत: एकवीस दिवसांची किती इंजेक्शने द्यायची होती आणि किती दिली.