जाहिरातीत न छापलेली अट

पोलीस शिपायाच्या भरतीचे निकष आता फार सैल झाले आहेत, पूर्वी पाच किलोमीटर धावावे लागे, आता पोरे दीड किलोमीटर पळून वर्दी मिळवतात, असे मत या आठवड्यात ओतूरच्या एका लग्नाच्या पंगतीत नोकरीतून निवृत्त झालेल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी इतक्या निःशंकपणे मांडले, आणि भोवतालच्या मंडळींनी त्यास इतक्या तत्परतेने मान डोलावली, की माझे जेवणावरचे लक्षच उडाले. मंगल कार्यात वाद घालायचा नाही हा माझा जुना शिरस्ता या सदराच्या वाचकांस ठाऊक आहे. तो मी पाळला. परंतु त्या वाक्याने मनास जो उपद्रव दिला, तो अद्याप शमलेला नाही.

निकष काय आहेत ते एकदा सांगून टाकतो. वय 18 ते 28, मागासवर्गीयांस 33 पर्यंत. शिक्षण बारावी उत्तीर्ण. पुरुषांची उंची किमान 165 सेंटिमीटर, छाती न फुगवता 79 आणि फुगवल्यावर त्याहून पाचांनी अधिक. स्त्रियांची उंची 155. मैदानी चाचणी 50 गुणांची, तीत पुरुषांस 1600 मीटर व स्त्रियांस 800 मीटर धावणे, शिवाय दोघांसही 100 मीटर आणि गोळाफेक. तीत निम्मे गुण पडले तर, आणि एका जागेमागे जे दहा उमेदवार निवडतात त्यांत नाव आले तर, 100 गुणांची लेखी परीक्षा. याखेरीज अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर आणि लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र. 2024 सालच्या भरतीत 17,471 पदांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने आणखी सुमारे 15 हजार पदांस मान्यता दिली.

आता त्या पाच किलोमीटरांविषयी. ते अंतर कोणाच्या लाडाखातर कमी झाले नाही. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत, पाऊस लांबलेला आणि ऊन माथ्यावर आलेले असताना, पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले व मरण पावले. गावोगावच्या घरांतून वर्दीच्या आशेने निघालेली ती मुले परत आली ती शववाहिकेतून. त्यानंतर सरकारने नियमांचा फेरविचार केला. आणि जे 1600 मीटर आज राहिले आहेत, त्यांत पूर्ण वीस गुण हवे असतील तर ते पाच मिनिटे दहा सेकंदांत संपवावे लागतात. पंगतीत बसून त्या अंतरास सोपे म्हणणाऱ्यांनी एकदा घड्याळ हाती घेऊन एखाद्या मुलाचे शेवटचे चारशे मीटर जवळून पाहावेत. त्याच्या तोंडातून येणारा आवाज ऐकावा.

हे निकष मला स्वतःला आदरणीय वाटतात. आमच्या आजोबांच्या काळी गावचा बंदोबस्त ज्याच्या हाती असे त्या पाटलाची पात्रता जन्माने ठरत असे. थोरल्या घरात जन्मला तो पाटील, मग त्याची छाती कितीही भरो आणि अक्षर कसेही असो. ती वंशपरंपरागत पाटीलकी कायद्याने 1 जानेवारी 1963 पासून संपली, आणि 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीसपाटीलसुद्धा आता अर्ज करून, परीक्षा देऊन येतो. शिपायाच्या जाहिरातीत कोणाच्या घराण्याचा प्रश्न येत नाही. 2022 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने तृतीयपंथीय उमेदवारांसही या भरतीचे दार उघडावे लागले, ही तर मी या राज्याच्या अभिमानाची गोष्ट मानतो. टेप आणि घड्याळ यांपुढे सर्व समान, हे तत्त्व मोठे आहे, आणि म्हणूनच त्या तत्त्वात जिथे खोट शिरते तिथे बोलणे अगत्याचे होते.

खोट ही की, धावायचे किती ते जाहिरातीत छापले आहे. धावायचे कोठे याविषयी तीत एक अक्षर नाही.

आमच्या पिंपरी पेंढारला भरतीची मुले पहाटे चारच्या सुमारास कल्याण-नगर महामार्गावर येतात. त्यांच्या भाषेत सोळाशे मारायला. मोटारसायकलच्या आकड्यांवर अंतर मोजून त्यांनी रस्त्याकडेच्या एका दगडावर चुन्याची खूण केली आहे. तेथून सुटायचे, डांबराच्या कडेला जो पांढरा पट्टा आहे त्यावरून पळायचे आणि पुढच्या चुन्याच्या खुणेशी मोबाइलमधले घड्याळ थांबवायचे. पहाटच का, असे शहरातले लोक विचारतात. दिवसा या मुलांना शेत असते, कोणास दुधाची गाडी, कोणास आळेफाट्याच्या दुकानातली नोकरी. शिवाय उजाडल्यावर त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. अंधारातही माळशेज घाट चढून आलेले ट्रक असतातच. 2025 च्या जानेवारीत बीडजवळ घोडका राजुरी येथे अशीच भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्यावर धावत असताना एस. टी. बसखाली सापडली आणि तिघे जागीच गेले. ती बातमी आमच्या गावात ज्या शांततेने वाचली गेली, तीवरून मला कळले की प्रत्येक घराने ती आपल्या मुलाच्या नावाने वाचली होती.

महामार्ग सोडून कालव्याच्या कच्च्या रस्त्याने धावावे, तर तेथे दोन्ही बाजूंस ऊस उभा आहे, आणि उसात बिबट्या आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतील दोनशेहून अधिक गावे प्रशासनाने बिबट्याच्या आपत्तीची संभाव्य क्षेत्रे म्हणून घोषित केली आहेत. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे ठेवायला जागा अपुरी पडते. आणि शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या शेतकऱ्यांनी शेतात वाकून काम करताना मानेवर झडप पडू नये म्हणून गळ्यांत खिळ्यांचे पट्टे घातले, हे साऱ्या देशाने पाहिले. वर्षभराहून अधिक काळ उभ्या राहणाऱ्या उसात मादी पिले घालते, तोडणीचा हंगाम आला की तो आसरा जातो, आणि जनावर ज्या दिवसांत या बांधावरून त्या बांधावर फिरते तेच दिवस मुलांच्या कसून तयारीचे असतात. आमच्या गावाने या जनावरापायी माणसे गमावली आहेत. त्याविषयी मी अधिक लिहीत नाही, कारण ती घरे हे सदर वाचतात.

वनखात्याची सूचना आहे की पहाटे व तिन्हीसांजेनंतर एकट्याने बाहेर पडू नये. सूचना अगदी रास्त आहे. म्हणून गावाने आपली रीत काढली: मुलगा पुढे धावतो आणि त्याच्या मागे वीस पावलांवर बाप किंवा चुलता मोटारसायकल चालवतो, दिवा पूर्ण उघडा आणि दर थोड्या वेळाने हॉर्न. त्या दिव्याच्या झोतात धावणाऱ्याची सावली त्याच्या पुढे लांबच लांब पडते आणि त्यास पायाखालचा खड्डा दिसत नाही; तरी तो धावतो. थंडीत गोधडी पांघरून गाडीवर बसलेले असे चुलते मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो मला नेमक्या शब्दांत सांगता येत नाही.

परंतु ज्याच्या मागे गाडी घालणारे कोणी नाही त्याने काय करावे? आमच्या आळीत एक मुलगी आहे. वडील नाहीत, आई कांद्याच्या लागवडीला उक्त्यावर जाते आणि मुलगीही तिच्याबरोबर. बारावी झाली, उंचीत बसते, कागदपत्रे पूर्ण आहेत. चार किलोचा गोळा ती खळ्यात फेकते, बोरीच्या काटकीने रेघ ओढून. उजव्या कानाखाली गोळा टेकवण्याच्या जागी कातडी काळवंडली आहे. पण आठशे मीटर ती कोठे पळणार? दुपारच्या सुटीत दोन वाफ्यांमधल्या बांधावरून मागे-पुढे पळते आणि दर वळणाला तिचा वेग मोडतो. तिची आई मला म्हणाली, “तात्या, पोरगी पळंल, पण तिच्या मागं गाडी कोण घालणार?” राज्य स्त्रियांस 30 टक्के जागा राखून ठेवते, आणि त्या जागेपर्यंत पोचण्याचा रस्ता पहाटे अंधारात, एका मोटारसायकलच्या अभावी बंद राहतो. हीच ती जाहिरातीत न छापलेली अट होय.

आणि मैदान नाही असेही नाही. तालुक्यातील एका शाळेचे चांगले प्रशस्त मैदान मी जाणतो, भोवती भिंत, भिंतीस लोखंडी फाटक, फाटकास कुलूप. मुलांच्या वतीने मी तेथील कचेरीत अर्ज घेऊन गेलो तेव्हा, शाळेच्या वेळेबाहेर अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, या सबबीवर तो अर्ज परत आला. जबाबदारीची काळजी मला समजते. पण मग महामार्गावर अपघात झाला तर ती कोणाची? भिंतीच्या आत मूल पडले तर गुडघा फुटेल. बाहेर काय होते ते वर लिहिलेच आहे.

सबब मी येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत एक ठराव मांडणार आहे. पहाटे चार ते साडेसहा मैदानाचे फाटक उघडे ठेवावे. दोन दिवे ग्रामपंचायतीने लावावेत. राखणदाराचा मुशाहिरा ग्रामनिधीतून द्यावा. आतल्या कडेने चुन्याची फेरी मोजून आखावी. आणि मुलींसाठी वस्त्यांवरून मैदानापर्यंत आणण्या-नेण्याची पाळी ज्यांच्या घरी गाड्या आहेत त्यांनी वाटून घ्यावी. जबाबदारीचे पत्र पालक लिहून देतील, तसे आठ घरांनी मला सांगितले आहे. ठरावाचा मसुदा ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठेवला आहे. ज्यांना सूचक वा अनुमोदक म्हणून सही करावयाची असेल त्यांनी शनिवारपूर्वी करावी, आणि पाळीसाठी ज्यांची गाडी मिळू शकेल त्यांनी नावापुढे कोणता वार सोयीचा तेही लिहावे.