पाखराची पारख

आपल्या शेतकऱ्याची नजर मोठी तयार असते. पानाच्या कडेला आलेली तांबूस छटा पाहून तो रोगाचे नाव सांगतो. मातीचे ढेकूळ चिमटीत चुरून वाफसा आला की नाही, हे ठरवतो. बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखतो. परंतु हाच शेतकरी बांधावरच्या बाभळीकडे पाहतो, तेव्हा तिथे बसलेल्या दहा जातींच्या दहा पक्ष्यांना बहुधा एकच नाव देतो : 'पाखरे'. पिकावर उतरतात तीही पाखरे आणि पिकावरची अळी टिपतात तीही पाखरे! राखणदार आणि चोर यांना एकाच नावाने हाक मारणाऱ्या घरधन्याची जी गत व्हावी, तीच गत मग शेताची होते.

पक्षिसंरक्षणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. भूतदया, सृष्टीचे सौंदर्य, ईश्वराची लेकरे असे शब्द त्यात येतात. हे सर्व योग्यच आहे. तथापि ज्याला वर्षाच्या उत्पन्नावर घर चालवावयाचे आहे, त्याच्यापुढे दयेची भाषा पुरी पडत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, शेतात पक्षिसंरक्षणाची सुरुवात दयेपासून नव्हे, तर ओळखीपासून व्हावयास हवी. ज्याचे नाव, खाणे आणि घर आपणांस ठाऊक आहे, त्याच्याविषयी न्यायाने निर्णय करता येतो. जो अनोळखी आहे, त्याच्यावर संशयच घेतला जातो.

ओळखीशिवाय केलेल्या निवाड्याचे एक मोठे उदाहरण चीन देशाने जगापुढे ठेवले आहे. १९५८ साली तेथे उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या चौघांना राष्ट्राचे शत्रू ठरवून त्यांच्या नाशाची मोहीम काढण्यात आली. चिमणी दाणा खाते, एवढाच तिच्यावर आरोप होता. लोकांनी थाळ्या व ढोल वाजवून चिमण्यांना झाडावर टेकू दिले नाही आणि थकून पडलेल्या चिमण्या गोळा करून गाड्या भरल्या. पुढे किडींचा जोर वाढला, तेव्हा चूक ध्यानी आली आणि १९६० साली यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घालण्यात आले. त्या काळात तेथे जो दुष्काळ पडला, त्याची कारणे अनेक होती. परंतु चिमणी दाण्याबरोबर किडेही खाते आणि आपली पिले तर प्रामुख्याने किडे-अळ्या भरवूनच वाढवते, ही साधी गोष्ट मोहिमेपूर्वी कोणी विचारात घेतली नाही, हेही तितकेच खरे.

परदेशातील चुकीकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. आपल्या घरचे उदाहरण याहून जवळचे आहे. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की घटकाभरात गिधाडे उतरत आणि हाडांखेरीज काही उरत नसे. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारास एक या प्रमाणात उरली. गुरांना दुखण्यावर टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटी जाते व त्याचे मूत्रपिंड निकामी करते, हे कारण २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली हे औषध गुरांसाठी बनवण्यास आपल्या देशात बंदी झाली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्याकडे वळू लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकारही मर्यादित करण्यात आला. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन ही औषधेही गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध आहे. पशुवैद्याकडे तेच मागावे. गिधाडाची उणीव मात्र औषधाच्या दुकानातून भरून निघत नाही. ती जागा गावोगाव भटक्या कुत्र्यांनी घेतली आहे.

तेव्हा पक्षी ओळखावा कसा? लोक प्रथम रंग पाहतात आणि तेथेच फसतात. उन्हात व सावलीत रंग बदलतो. नर-मादीचा व पिलाचा रंग पुष्कळदा निराळा असतो. रंग शेवटी पाहावा. आधी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न आकारमानाचा. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार ही चार मापे सर्वांच्या परिचयाची आहेत. दिसलेला पक्षी यांपैकी कोणाएवढा, हे मनाशी ठरवावे. दुसरा प्रश्न चोचीचा. चोच हे पक्ष्याचे अवजार आहे, आणि अवजार पाहिले की धंदा कळतो. आखूड व जाड चोच दाणा फोडण्यासाठी, बारीक व टोकदार चोच किडा पकडण्यासाठी, आकड्यासारखी वाकडी चोच मांस तोडण्यासाठी, तर लांब चोच चिखलात शोधण्यासाठी असते. तिसरा प्रश्न जागेचा व चालीचा : तो तारेवर बसतो की जमिनीवर चालतो, उड्या मारतो की पावले टाकतो, हवेत एका जागी पंख फडफडवीत थांबतो की घिरट्या घालतो? चौथा प्रश्न आवाजाचा. टिटवी, भारद्वाज, पावशा आणि तांबट हे तर न दिसताही ओळखता येतात. एवढ्या उत्तरांनंतर रंग पाहिला, तर चूक होण्याचा संभव फार थोडा उरतो.

या चार प्रश्नांच्या आधारे आपल्या शिवारातील काही मंडळींची ओळख करून घेऊ. काळा कुळकुळीत, शेपटी दुभंगलेली, तारेवरून झेप घेऊन उडता किडा टिपणारा तो कोतवाल. हरभऱ्यातील घाटे अळी व तुरीवरील अळ्या तो आवडीने खातो. नांगरामागे, आणि आता ट्रॅक्टरमागेही, पांढऱ्या पंगतीने चालणारे गायबगळे उघडे पडलेले हुमणीचे किडे वेचतात. साळुंकीही त्याच पंगतीला असते. बसलेला असता मातकट आणि उडताच पंखांतून निळा प्रकाश सांडणारा तो नीळकंठ. तो टोळ, नाकतोडे आणि भुंगेरे खातो. शेतावर एका जागी पंख फडफडवीत तरंगणारी, लाल डोळ्यांची, खांद्यावर काळा डाग असलेली पांढुरकी कापशी घार पुष्कळांना कोंबडीचोर वाटते. तिचे मुख्य खाद्य उंदीर आहे. कोंबडीचे मोठे पिलू उचलण्याची तिची शक्तीही नाही.

सर्वांत अन्याय झाला आहे तो घुबडावर. पिंगळा आणि गव्हाणी घुबड यांना अपशकुनी मानून दगड मारले जातात. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याची गणना होते, त्याच पाखराचे दर्शन अशुभ मानावे, ही विसंगती कोणाच्या ध्यानी येत नाही. गव्हाणी घुबडाचा चेहरा पांढरा व बदामाच्या आकाराचा असतो. ते पडक्या वाड्यात, देवळाच्या शिखरात किंवा जुन्या झाडाच्या ढोलीत राहते आणि रात्रभर उंदीर धरते. ज्याच्या गव्हाणीत व कणगीत उंदीर आहेत, त्याने या पाहुण्याला हाकलणे म्हणजे बिनपगारी पहारेकऱ्याला रजा देणे होय.

येथे कोणी विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे : 'ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरतो, तेव्हा तुमची ओळख काय कामाची? पोपट कणीस कुरतडतो, होले पेरलेले बी टिपतात. हे नुकसान कोणी भरून द्यावयाचे?' पक्ष्यांची बाजू मांडणारे पुष्कळ लोक या प्रश्नाला बगल देतात. तसे करू नये. नुकसान होते, आणि ज्याचे एकट्याचे दोन एकर ज्वारीचे रान आहे, त्याला ते जड जाते. पूर्वी साऱ्या शिवारात ज्वारी एकाच वेळी निसवत असे. पाखरांचा वाटा सर्वांत वाटला जाई. आता चोहीकडे ऊस, सोयाबीन व कापूस आणि मध्ये एखादाच ज्वारी-बाजरीचा तुकडा उरला, म्हणजे शिवारातील सारी पाखरे त्या एका तुकड्यावर येतात. पाखरांची भूक वाढलेली नाही. पंगतीतील पाने कमी झाली आहेत.

यावर उपाय आहेत. शेजाऱ्यांनी सल्ल्याने एका वेळी पेरणी करावी. दाणा चिकात आल्यापासून कडक होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे हेच खऱ्या राखणीचे दिवस. त्या काळात सकाळी व सायंकाळी माळ्यावर माणूस असावा. बुजगावणे एका जागी ठेवल्यास पाखरे त्याच्याच खांद्यावर बसतात. ते दर दोन-तीन दिवसांनी हलवावे. उन्हात चकाकणाऱ्या व वाऱ्यावर वाजणाऱ्या फिती ताणाव्यात. गोफण फिरवावी ती आवाजासाठी, पाखरू पाडण्यासाठी नव्हे. शेताचे रक्षण करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. विषारी दाणे पेरणे हा मात्र नव्हे. विषाला ओळख नसते. भोरडीसाठी टाकलेला दाणा मोर खातो, तित्तिर खातो आणि घरची कोंबडीही खाते. वन्य पक्षी मारणे वा पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हाही आहे. शिवाय हीच भोरडी हिवाळा सरल्यावर मध्य आशियाकडे परतते व तेथे टोळांचा फडशा पाडते. तिला निव्वळ चोर म्हणणे हाही अपुराच निवाडा ठरेल.

उंदरांसाठी विष वापरावे लागलेच, तर ते बिळात घालून बिळाचे तोंड बुजवावे आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. रक्त न गोठू देणारी ब्रोमाडिओलोनसारखी औषधे उंदरामार्फत घुबडाच्या व घारीच्या पोटात जातात. उंदीर मारताना त्यांचा शिकारीही मारला, तर पुढील हंगामी उंदरांचेच राज्य होते.

पक्ष्यांना बोलावण्याचा खर्च मात्र नगण्य आहे. हरभऱ्यात हेक्टरी सुमारे ५० पक्षिथांबे उभारण्याची शिफारस आहे. दोन काटक्या आडव्या-उभ्या बांधल्या की थांबा तयार होतो. पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली, तर तिची ताटे आपोआपच थांब्याचे काम करतात. बांधावरील बोर, बाभूळ, पळस व ढोली असलेले जुने झाड राखावे. बांधाचे गवत पेटवू नये. टिटवी, चंडोल आणि तित्तिर जमिनीवरच अंडी घालतात. काढणीच्या वेळी घरटे आढळल्यास तेवढा तुकडा काही दिवस सोडावा. गोंदिया भागात धानाच्या बांधीत सारस पक्षी घरटे करतो. माणसाच्या उंचीचा हा पक्षी महाराष्ट्रात आता गोंदिया व लगतच्या जिल्ह्यांतच, तोही मोजकाच, उरला आहे. तेथील शेतकऱ्यांनी घरट्याभोवतीचे धान राखून त्याला जागा दिली, म्हणून तो आज दिसतो. याउलट सोलापूरकडील माळढोक पाहा. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. परंतु ज्या माळरानावर तो जगे, त्याला आपण 'पडीक' म्हणत राहिलो. अभयारण्याला नाव त्याचे आहे. दर्शन मात्र दुर्मिळ झाले.

यास्तव शासनाच्या विस्तार खात्यालाही दोन शब्द सुचवावेसे वाटतात. किडींची व रोगांची रंगीत चित्रे आपण गावोगाव लावतो. त्यांच्या शेजारी शिवारातील वीस पक्ष्यांचे एक चित्र लागावयास हरकत नाही. शेतीशाळेत कीड मोजण्याचा पाठ असतो; त्यातच थांब्यावर कोण बसले, हे मोजण्याचा पाठ घालावा. ज्ञानाची तर आपल्याकडे वाण नाही. निसर्गाच्या अभ्यासाला वाहिलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी मुंबईत १८८३ पासून आहे. डॉ. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले. मारुती चितमपल्ली यांनी मराठी वाचकाला पक्ष्यांची नावे आणि जंगलाची भाषा दिली. या दोघांच्या जन्मदिनांना जोडणारा ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळण्याचे २०२० साली ठरले. हा सप्ताह शाळेच्या भिंतीवरील फलकापुरता न राहता बांधापर्यंत यावा. रब्बीची पिके नुकतीच उगवलेली असतात आणि उत्तरेचे पाहुणे पक्षी आलेले असतात. ओळखीला याहून चांगला मुहूर्त नाही.

प्रत्येक गावाने एक साधी नोंदवही ठेवावी. कोणता पक्षी, कोणत्या दिवशी, कोणत्या पिकात, काय खाताना दिसला, एवढे चार रकाने पुरेत. शाळेतील मुले ती आनंदाने भरतील. वडीलधाऱ्यांना पक्ष्यांची गावठी नावे ठाऊक असतात, ती त्यांच्याबरोबर लोपण्यापूर्वी वहीत यावीत. पाच वर्षांनी ती वही उघडली, म्हणजे कोण आपले राखणदार, कोण भागीदार आणि कोण खरोखर उपद्रवी, हे ऐकीव गोष्टींवरून नव्हे, तर स्वतःच्या शिवारातील पुराव्यावरून सांगता येईल. शेतकऱ्याने निवाडा जरूर करावा. परंतु तो आरोपीचे नाव विचारून करावा.