चालायला सांगता, पण चालू कुठे?

'डॉक्टर, तुम्ही चालायला सांगता, पण चालू कुठे?' हा प्रश्न गेल्या महिन्यात एका निवृत्त गुरुजींनी मला विचारला. खरे सांगायचे तर मला चटकन उत्तर देता आले नाही.

गुरुजींचे वय ६७. दहा वर्षांचा मधुमेह, जोडीला रक्तदाब. माझ्या सांगण्यावरून ते पहाटे साडेपाचला हातात काठी घेऊन मोठ्या रस्त्याने चालत. एका बाजूला वाळूचे डंपर, दुसऱ्या बाजूला भटकी कुत्री. दोनदा गटारात उतरावे लागले. 'डॉक्टरांनू, रस्त्यार चलूक भीती वाटता,' असे म्हणून त्यांनी तो नाद सोडला. साखर पुन्हा चढली.

वाचकहो, दोष गुरुजींचा नाही, आम्हा डॉक्टरांचा आहे. गोळी देताना आम्ही सांगतो, सकाळी एक, रात्री एक, जेवणाआधी घ्या. चालण्याच्या बाबतीत मात्र 'रोज चालत जा' एवढे सांगून मोकळे होतो. त्याला मात्रा नाही, वेळ नाही, पथ्य नाही. अशा अर्धवट सल्ल्याने काय होते ते मी एकदा पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका मधुमेही दुकानदाराला मी सहज म्हणालो, 'समुद्र जवळ आहे, पुळणीवर अनवाणी चाला, बरे वाटेल.' त्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे का, हे मी तपासले नव्हते. शिंपल्याने तळवा कापला, चार दिवस त्यांना कळलेच नाही. शेवटी एक बोट काढावे लागले. ते गृहस्थ आजही भेटले की आधी तेच नमस्कार करतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण चूक माझी होती.

म्हणून आज चालण्याचे औषध नीट लिहून देतो.

आधी मात्रा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाला आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्याने सुरुवात होते.

आता जागा. आपल्या जिल्ह्याला देवाने किनारा दिला आहे आणि त्यात चालण्याच्या तीन पट्ट्या आहेत. पहिली पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूची. इथे पाऊल रुतत नाही, सांध्यांना डांबरी रस्त्यासारखे दणके बसत नाहीत. बहुतेकांनी इथेच चालावे. दुसरी पट्टी कोरड्या, भुसभुशीत वाळूची. इथे पाऊल मागे सरकते. त्याच वेगाने चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक शक्ती खर्च होते, हे मोजून पाहिलेले आहे. म्हणजे दहा मिनिटांत वीस मिनिटांचा व्यायाम. तरुणांना उत्तम, पण हृदयविकार, टाचदुखी किंवा तोल जाण्याचा त्रास असणाऱ्यांनी इथे मुद्दाम जाऊ नये.

तिसरी पट्टी म्हणजे वाळूची टेकाडे. मर्यादवेल, केवडा आणि काटेरी गवत यांनी ती धरून ठेवलेली असतात. मर्यादवेल हे नावच बोलके आहे. समुद्राची मर्यादा तिथे संपते. आपली पावलेही तिथे थांबावीत. या टेकाडांच्या कडेने, सुरूच्या सावलीतून, जुन्या पायवाटेने चालावे. टेकाड तुडवीत जाऊ नये. नोव्हेंबर ते मे या काळात वायंगणीला, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला, ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. मादी भरतीच्या खुणेच्या वर, हातभर खोल खड्ड्यात अंडी घालून निघून जाते. त्या दिवसांत भरतीरेषेच्या वर सायकल नको आणि रात्री बॅटरीचा झोतही नको. उजेडाने पिल्ले समुद्राऐवजी उलट दिशेला वळतात.

वेळेचा हिशेब आपल्या आजोबांना ठाऊक होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून त्या दिवसांत सकाळी पुळण अरुंद. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे ओहोटी आणि चालायला ऐसपैस ओली वाळू. तासाभराचा फरक धरून चालावे. आपला किनारा पश्चिमेकडचा, त्यामुळे सकाळचे ऊन माडांच्या आणि सुरूच्या आडून येते. वृद्धांसाठी सकाळच बरी.

ज्या दिवशी पुळण नाही, त्या दिवशी खारबंधारा. भातशेतीत खारे पाणी शिरू नये म्हणून घातलेले हे मातीचे बांध सपाट आणि वाहनांपासून दूर असतात. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला कांदळवन. शिरोड्याच्या मिठागरांच्या बाजूला (१९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडे) हिवाळ्यात शेकाट्या, तुतवार, चिखल्या उथळ पाण्यात चरताना दिसतात. पक्षी पाहणारा माणूस आपण किती चाललो हे मोजत नाही, आणि त्यामुळेच तो जास्त चालतो. गोव्याला पाहुण्यांकडे गेलात तर रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर जा. तिथल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात कांदळवनातून चालायला बांधलेली वाट आहे.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी सायकल. सायकलवर शरीराचा भार गुडघ्यांवर पडत नाही. सीट मात्र इतकी उंच हवी की पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा. वेंगुर्ल्याहून मोचेमाड, टांक, आरवली असा शिरोड्याकडे जाणारा रस्ता सकाळी लवकर सायकलला चांगला आहे, पण चढ आहेत. चढावर उतरून हातात धरून चालण्यात कमीपणा नाही. ओल्या वाळूवर सायकल चालते, पण घरी आल्यावर ती गोड्या पाण्याने धुवा आणि चेनला तेल द्या. नाहीतर महिनाभरात गंज चढेल.

आता पथ्य. मधुमेह्यांनी कधीही अनवाणी चालू नये. बंद बूट, सुती मोजे, आणि घरी आल्यावर आरसा घेऊन तळवे पाहणे. खिशात साखरेचा पुडा ठेवावा. बांधावर फुरसे असू शकते, म्हणून गवतात हात घालू नये. कांदळवनातल्या गेवा नावाच्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांची आग होते व काही काळ दिसेनासे होऊ शकते, तेव्हा फांद्या मोडू नयेत. पावसाळ्यात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून जाऊ नये, लेप्टोची भीती असते. चालताना छातीत दडपण आले तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे.

'एवढे सगळे करण्यापेक्षा घरातल्या घरात चाललो तर?' असे कोणी विचारील. काहीच न करण्यापेक्षा तेही बरे. पण २०१९ साली इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यात निदान दोन तास निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगत होते. हे दोन तास एकदम असोत की तुकड्यातुकड्यांनी, फरक पडत नव्हता. यावरून निसर्गानेच तब्येत सुधारते असे सिद्ध होत नाही. ज्यांची तब्येत बरी तेच बाहेर पडतात, असेही असू शकेल. पण माझा अनुभव असा, की चार भिंतींत चालणारा पंधरा दिवसांत थकतो, किनाऱ्यावर चालणारा टिकतो.

आणि आता मुख्य मुद्दा. चालायची जागाच उरली नाही तर वरचे सगळे लिहून काय उपयोग? हल्ली गावोगावी मागणी होते, की टेकाडे सपाट करा, पेव्हर ब्लॉक घाला, दिवे लावा, म्हणजे लोक फिरायला येतील. हेतू चांगला असेल, पण हिशेब चुकीचा आहे. टेकाड म्हणजे वाळूचा साठा. वादळात लाटा ती वाळू ओढून नेतात आणि शांत दिवसांत पुन्हा आणून टाकतात. टेकाड काढले की लाट थेट वाडीपर्यंत येते. मग दगडी बंधारा बांधावा लागतो, आणि त्याच्यापुढची पुळण पुष्कळदा झिजत जाते. म्हणजे फरशी आली आणि चालायची वाळू गेली! १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून वाळूच्या टेकाडांत असे फेरफार करण्यावर निर्बंध आहेत, ते उगाच नव्हेत.

ग्रामपंचायतींना माझी विनंती साधी आहे. किनाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या पाणंदी मोकळ्या ठेवा. कोणी कुंपण घालून त्या बंद करीत असेल तर ग्रामसभेत विचारा. खारबंधाऱ्याची भगदाडे वेळेवर बुजवा. पुळणीवर गाड्या आणि बाटल्या येऊ देऊ नका. यासाठी फरशीइतका पैसा लागत नाही. गावाची पायवाट ही गावाच्या दवाखान्याइतकीच आरोग्याची सोय आहे, असे मी डॉक्टर म्हणून सांगतो.

गुरुजींना मी आता चिठ्ठीवर लिहून दिले आहे: सकाळी साडेसहा, ओली वाळू, बंद बूट, तीस मिनिटे, अष्टमीच्या आसपास खारबंधारा. त्यांची गोळी सुटलेली नाही आणि ती सुटेल असे मी म्हटलेलेही नाही. पण या महिन्यात एकही दिवस चुकला नाही, आणि परवा त्यांनी मला विचारले, 'डॉक्टर, ती लांब लाल पायांची पाखरे कुठली हो?' शेकाट्या, मी म्हणालो. तुमच्याही घरापासून अशी एखादी वाट जात असेल. ती या रविवारी शोधून काढा, आणि बूट घालायला विसरू नका.